बालकांचा सामाजिक-भावनिक विकास

आपल्या भावना ओळखणे, त्या सावरणे आणि इतरांशी नाते जोडणे या क्षमता जन्मापासून पहिल्या पाच-सहा वर्षांत ज्या प्रक्रियेतून घडतात, तिला सामाजिक-भावनिक विकास म्हणतात. उपदेशाचा इथे फारसा उपयोग नाही. सांभाळणाऱ्या माणसाचा रोजचा सहवास हीच त्याची खरी शाळा.

तान्हे बाळ रडू लागले की त्याला स्वतःला सावरता येत नाही. कुणीतरी उचलते, थोपटते, ओळखीचा आवाज कानावर पडतो आणि हुंदके ओसरतात. असे शेकडो वेळा घडल्यावर हळूहळू मूल स्वतःच शांत होऊ लागते. मोठ्यांच्या आधाराने असे सावरण्याला सहनियमन म्हणतात. ‘सारखे उचलून घेतले की लाडावते’ हा समज तान्ह्या बाळांच्या बाबतीत चुकीचा आहे आणि त्यापायी अनेक बाळे विनाकारण रडत राहतात.

ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी या जिव्हाळ्याच्या बंधाचा सिद्धांत मांडला. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी त्याला निरीक्षणांची जोड दिली. आई खोलीबाहेर गेल्यावर मूल किती रडते यापेक्षा ती परतल्यावर ते तिच्याजवळ येऊन निवांत होते का, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी एका प्रयोगात आईला बाळाशी खेळता खेळता चेहरा निर्विकार ठेवायला सांगितले. बाळ हसून, हातपाय हलवून तिला पुन्हा खेळात ओढू पाहते. काहीच उमटत नाही असे दिसल्यावर तोंड फिरवते, कोमेजते.

दीड-दोन वर्षांचे मूल ‘माझं’ आणि ‘नाही’ म्हणू लागते, तेव्हा घरच्यांची कसोटी लागते. ठोकळ्यांचा मनोरा कोसळतो, मूल किंचाळत ठोकळे भिरकावते. अशा वेळी समजावणे वाया जाते, कारण आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून फार कच्चा असतो. तो विशी ओलांडेपर्यंत घडतच राहतो. मुलाच्या उंचीला बसून, हात हलकेच धरून, ‘मनोरा पडला, राग आला ना? पण फेकायचं नाही,’ एवढेच पुरते. भावनेला नाव मिळते आणि मर्यादाही कळते. बाकीचे बोलणे रडू थांबल्यावर.

वाटून घेण्याची घाईही नको. मुलांच्या खेळाच्या अभ्यासक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये नोंदवल्याप्रमाणे लहान मुले आधी शेजारी शेजारी आपापले खेळतात, एकत्र खेळ नंतर येतो. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते, हे चार वर्षांच्या सुमारास नीट उमगते. त्याआधी जबरदस्तीने वदवलेले ‘सॉरी’ पोकळ ठरते. त्यापेक्षा मोठ्यांनी आवाज चढल्यावर ‘मी ओरडले, चुकलं माझं’ असे म्हटलेले मुलाला जास्त शिकवते.

प्रत्येक मुलाची गती वेगळी असते. मात्र वर्षाचे होऊनही मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, किंवा आधी येत असलेले हसणे, हातवारे, शब्द हरवले असतील, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.