पाणी तापणे आणि पाण्यातला प्राणवायू संपणे: तळ्यातील माशांवरची दोन वेगळी संकटे

कडक उन्हाळ्यात तळ्यावर मेलेले मासे तरंगताना दिसले की ‘पाणी तापले, म्हणून मासे गेले’ असे सरसकट म्हटले जाते. या एका वाक्यात दोन वेगळी कारणे मिसळून गेलेली असतात. एक म्हणजे तापलेल्या पाण्याचा माशाच्या शरीरावर थेट पडणारा ताण आणि दुसरे म्हणजे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूची टंचाई. दोन्ही एकाच ऋतूत येतात आणि एकमेकांना बळ देतात, त्यामुळे त्यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. परंतु तळ्याची खोली पहिल्या संकटावर उतारा ठरते, तर दुसऱ्याला तीच कधी कधी कारणीभूत होते. एवढ्यासाठी तरी ती वेगवेगळी ओळखता आली पाहिजेत.

माशाला स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पाणी तापेल तसे त्याचे शरीर तापते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याच्या शरीरातील क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. ठरावीक मर्यादेपर्यंत हे हिताचेच असते, कारण भूक वाढते आणि वाढही जोमाने होते. ही मर्यादा जातीनुसार बदलते. थंड पाण्यातला ट्राउट २५ अंशांच्या आसपासच धोक्यात येतो, तर रोहू आणि कटला २५ ते ३० अंशांत उत्तम वाढतात आणि ३५ अंशांच्या जवळपासही तग धरतात. उष्णतेने बेजार झालेला मासा भर दुपारी खाद्य सोडतो आणि खाली जातो. तळ्याचा खोल भाग, काठावरच्या झाडाची सावली किंवा ताजे पाणी येण्याची जागा तो शोधतो.

प्राणवायूचा हिशोब वेगळा आहे. समुद्रसपाटीवरच्या गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. म्हणजे माशाची गरज वाढते नेमकी त्याच वेळी पाण्याची क्षमता घटते. तरीही ७.५ मिलिग्रॅम माशांना पुरेसे असतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मासा गुदमरतो तो मुख्यतः रात्री होणाऱ्या खर्चामुळे. हिरव्यागार पाण्यातील सूक्ष्म वनस्पती दिवसा प्राणवायू तयार करतात, पण अंधार पडला की त्याही तो वापरू लागतात. त्यात मासे आणि तळाशी कुजणाऱ्या गाळातील जिवाणू यांची भर पडते. त्यामुळे नीचांक गाठला जातो तो सूर्योदयाच्या थोडा आधी.

त्या वेळी काठावर उभे राहिले तर संकट डोळ्यांना दिसते. मासे पृष्ठभागाला टेकून तिरपे उभे असतात, तोंडे एकसारखी उघडमीट करतात आणि पाण्यावर बारीक वलये उमटत राहतात. एरवी पावलाच्या आवाजाने खोल बुडी मारणारे मासे माणूस जवळ आला तरी हलत नाहीत. सहसा मोठे मासे आधी मरतात. मरळ आणि मागूर हे हवेतूनही श्वास घेणारे मासे असल्याने त्यांचे वर येणे मात्र नेहमीचेच समजावे.

आता खोलीकडे पाहू. जेमतेम मीटरभर खोलीचे तळे दुपारी तळापर्यंत तापते आणि पहाटे तितक्याच वेगाने निवते. माशाला पळायला जागाच उरत नाही. दीड-दोन मीटर खोली असेल तर खाली गारवा टिकतो. पण कोमट पाणी हलके आणि गार पाणी जड असल्यामुळे वारा पडलेल्या दिवसांत त्यांचे थर पडतात. वरच्या थराला हवा आणि प्रकाश मिळतो, तर खालचा थर दोन्हींपासून तुटतो आणि त्यातला प्राणवायू संपत जातो. वजन बांधलेली बूच लावलेली बाटली दोरीने तळाजवळ सोडावी आणि दुसऱ्या दोरीने बूच ओढावे. वर आलेले पाणी हाताला गार लागते, पण त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तो गारवा माशाच्या उपयोगाचा नाही.

अशा तळ्यावर एकाएकी वळवाचा जोरदार पाऊस आणि वारा आला की वरचे पाणी गार होऊन खाली बसते आणि तळाचे निकस पाणी सगळीकडे मिसळते. दुसऱ्या दिवशीची पहाट गार असते, आणि मासे मरतात ते नेमके त्याच पहाटे. केवळ उष्णतेला दोष देणाऱ्याने या उदाहरणाचा जरूर विचार करावा, कारण इथे पाणी निवल्यानंतर मृत्यू आलेला असतो.

निदान चुकले की उपायही चुकतो. विंधन विहिरीचे गार पाणी तळ्यात सोडणे हा उष्णतेवरचा चांगला उपाय आहे, पण भूगर्भातील पाण्यात बहुधा प्राणवायू कमी असतो. गुदमरणाऱ्या माशांसाठी ते सोडायचे असेल, तर उंचावरून, फवारा उडेल असे पाडावे लागते. एरेटरचेही, म्हणजे पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राचेही, तसेच आहे. तो हंगामाच्या सुरुवातीपासून नियमित चालवला तर थर पडतच नाहीत. परंतु थर पक्के झाल्यावर तळ ढवळून काढणारे यंत्र एकदम पूर्ण जोराने लावले, तर वळवाच्या पावसाने केलेलेच काम ते करते. अशा वेळी आधी फक्त वरचे पाणी खेळते ठेवावे आणि पहाटेचे संकट टळेपर्यंत खाद्य बंद करावे.