बॉल दिला म्हणजे झालं का? वंचित मुलांच्या खेळामागचा इतिहास

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या पावसाळ्यात वस्तीतल्या पोरांना फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिलं आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा उभी राहिली, ही हकीगत आता महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’मधून ती घराघरात पोचली, २०२२ मध्ये ‘झुंड’मधून पडद्यावर आली. मधल्या काळात, २०१६ साली, त्यांच्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कारही मिळाला. पण ही हकीगत सांगताना आपण बहुतेक वेळा बॉलपाशीच थांबतो. पोरांना बॉल मिळाला, पोरं मार्गाला लागली, असा सांगण्याचा सूर असतो. नुसत्या बॉलनं पोरं मार्गाला लागत असती, तर गल्लीगल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या या देशात काही करायचं शिल्लकच राहिलं नसतं.

खेळातून मुलांना आपलं म्हणणं मांडायला, दुसऱ्याचं ऐकून घ्यायला, राग आवरायला, नीट विचार करून ठरवायला शिकवता येतं. मात्र त्यासाठी खेळाचे नियम बदलावे लागतात, आणि ते कुणीतरी, कुठेतरी, गरजेपोटी बदलले. त्या बदलांचा हा माग आहे.

खेळानं चारित्र्य घडतं ही कल्पना तशी जुनी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या श्रीमंतांच्या निवासी शाळांनी ती डोक्यावर घेतली आणि साम्राज्याबरोबर ती जगभर नेली. सेसिल टिंडेल-बिस्को हा मिशनरी १८९० मध्ये श्रीनगरच्या शाळेत आला तो ही कल्पना आणि पाठोपाठ चामड्याचा फुटबॉल घेऊनच. काश्मिरी पंडितांची मुलं चामड्याला शिवायला तयार नव्हती. त्यानं त्यांना जबरदस्तीनं मैदानात उतरवलं. पुढे तीच मुलं पूर आणि साथीच्या काळात शहरात मदतीला धावली, हे त्या शाळेचं मोठं देणं आहे. तरीही मुलाला काय चांगलं हे वरून कुणीतरी ठरवायचं आणि छडीच्या धाकानं त्याच्याकडून खेळून घ्यायचं, ही त्या काळाची रीत होती. आपल्या शाळांमधल्या पी.टी.च्या तासात तिचा अंश अजून सापडतो.

महाराष्ट्रात खेळाची स्वतःची परंपरा होती. कोल्हापूरच्या तालमी आणि शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान, पुण्यात १९०६ ची डेक्कन जिमखाना, अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या संस्थांनी आट्यापाट्या, खो-खो, हुतूतू, मल्लखांब यांना नियम दिले, स्पर्धा दिल्या आणि हजारो मुलांना मैदानाची गोडी लावली. त्यांचा रोख बलोपासनेवर आणि देशकार्यावर होता. मुलगा घाबरट आहे का, घरी मार खातो का, शाळा सोडायच्या बेतात आहे का, हे प्रश्न तेव्हा कुणी मैदानाला विचारत नव्हतं.

मैदान आपोआप सगळ्यांना सारखं करत नाही, हे पुण्यातच एका माणसाच्या आयुष्यात दिसून आलं होतं. पळवणकर बाळू चर्मकार समाजातले. इंग्रजांच्या पूना क्लबवर खेळपट्टीची देखभाल करता करता, गोऱ्या साहेबांना सरावाला बॉल टाकता टाकता ते पट्टीचे फिरकी गोलंदाज झाले. हिंदूंच्या संघाला जिंकायला ते हवे होते, म्हणून त्यांना संघात घेतलं. मैदानात त्यांनी टाकलेला बॉल सवर्ण खेळाडू झेलत. चहाच्या सुट्टीत मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना दिलं गेलं नाही. ते त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्या वाट्याला आलं, तेही १९२३ मध्ये, समाजातून दबाव वाढल्यावर. खेळ तोच, बॉल तोच, आणि जात सीमारेषेबाहेर तशीच ताटकळत उभी. मला वाटतं, खेळानं माणसं जोडली जातात असं सहज बोलून जाणाऱ्या प्रत्येकानं बाळूंचं चरित्र आधी समजून घ्यावं.

खेळाच्या नियमांतच हात घालायची सुरुवात झाली ती आपल्यापासून फार दूर, केनियात. नैरोबीच्या माथारे वस्तीत १९८७ मध्ये बॉब मन्रो या कॅनेडियन माणसानं मुलांची फुटबॉल लीग सुरू केली. वस्तीत कचऱ्याचे ढीग साचलेले, गटारं तुंबलेली, रोगराई कायमची. तिथे एक साधा नियम झाला: संघानं वस्तीत सफाई केली की लीगच्या गुणतक्त्यात गुण मिळणार. तेही सामना जिंकल्यावर मिळतात त्याहून जास्त! जिंकायला तीन, सफाईला सहा. त्यामुळे अकरा-बारा वर्षांची पोरं शनिवार-रविवारी फावडी आणि ढकलगाड्या घेऊन गटारं उपसू लागली. संघ, वेळापत्रक, पंच, स्पर्धा हे सगळं मुलांच्या समित्या बघत. माथारेचा मोठा संघ २००८ मध्ये केनियाच्या प्रीमियर लीगचा विजेता झाला. मला त्या चषकापेक्षा तो गुणतक्ता जास्त मोलाचा वाटतो. काम करा असं मुलांना सांगून भागत नाही, तुमच्या कामाची किंमत इथे मांडलेली आहे हे त्यांना दिसावं लागतं. आणि ती किंमत खेळाच्याच हिशेबात मांडलेली होती.

दुसरा बदल कोलंबियातला. २ जुलै १९९४ ला मेडेलिन शहरात आंद्रेस एस्कोबार या फुटबॉलपटूचा गोळ्या घालून खून झाला. विश्वचषकात त्याच्या पायाला लागून स्वतःच्याच गोलात बॉल गेला होता. मादक पदार्थांच्या टोळ्यांनी पोखरलेल्या त्या शहरात या घटनेनंतर ‘शांततेसाठी फुटबॉल’ नावाचा उपक्रम उभा राहिला. त्यात टोळ्यांच्या हद्दी ओलांडून मुलं एकत्र खेळू लागली. संघात मुलगे आणि मुली दोन्ही हव्यात. पहिला गोल मुलीनं केल्याशिवाय मुलांचे गोल धरायचे नाहीत. आणि पंचच नाही. या उपक्रमात पुढे आलेल्या युर्गेन ग्रिसबेक या जर्मन कार्यकर्त्यानं नंतर बर्लिनमध्ये अशा संस्थांचं जाळं उभं केलं, आणि ही पद्धत ‘फुटबॉल थ्री’ या नावानं वेगवेगळ्या देशांत पोचली.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. सामन्याचे तीन भाग. पहिल्या भागात दोन्ही संघ रिंगण करून बसतात आणि आजचे नियम ठरवतात. कुणी म्हणतं, गोल झाला की दोन्हीकडच्यांनी टाळ्या वाजवायच्या. कुणी म्हणतं, पडलेल्याला हात देऊन उठवायचं. एखादी मुलगी अडखळत म्हणते, मुलगे आम्हाला पासच देत नाहीत, तर प्रत्येक गोलाआधी मुलीच्या पायाला बॉल लागलाच पाहिजे. चर्चा होते, एखादा रुसतो, शेवटी तीन-चार नियम पक्के होतात. दुसरा भाग प्रत्यक्ष खेळाचा. फाउल झाला की ज्यानं केला त्यानंच हात वर करायचा. तिसऱ्या भागात पुन्हा सगळे एकत्र बसतात. आपण ठरवलेलं पाळलं का, समोरच्यांनी पाळलं का, यावर एकमेकांना गुण देतात. गोलांचे गुण आणि हे गुण मिळून निकाल लागतो. त्यामुळे गोलांत जिंकलेला संघ बेरजेत हरू शकतो. दहा-बारा वर्षांच्या मुलानं, “तू मला मुद्दाम ढकललंस, म्हणून मी गुण कापतोय,” असं समोरच्याला शांतपणे सांगायचं आणि त्यानं ते ऐकून घ्यायचं, यासाठी किती बळ लागतं! मध्ये एखादी मोठी ताई किंवा दादा मध्यस्थ म्हणून असतो, पण निवाडा तो देत नाही. तो फक्त विचारतो.

याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनं शाळांसाठी दहा जीवनकौशल्यांची मांडणी केली होती. स्वतःची ओळख, समानुभूती, निर्णय घेणं, समस्या सोडवणं, परिणामकारक संवाद, भावना आणि ताण हाताळणं वगैरे. मुलांना खेळण्याचा हक्क १९८९ च्या बालहक्क संहितेत आधीच आला होता. संयुक्त राष्ट्रांनी २००५ हे खेळ आणि शारीरिक शिक्षणाचं वर्ष म्हणून पाळलं, २०१३ मध्ये ६ एप्रिल हा विकास आणि शांततेसाठी खेळाचा दिवस ठरवला. या घोषणांमुळे संस्थांना पैसा उभा करणं सोपं गेलं.

मुंबईत १९९९ मध्ये मॅथ्यू स्पेसी या ब्रिटिश गृहस्थानं ‘मॅजिक बस’ सुरू केली. ते रग्बी खेळणारे. मैदानाजवळच्या फूटपाथवर राहणारी मुलं कुंपणाबाहेरून खेळ बघत, त्यांना त्यांनी आत खेळायला बोलावलं. पुढे या मुलांना बसमधून शहराबाहेर नेऊ लागले, नाव त्यावरून पडलं. संस्थेनं हळूहळू आखीव अभ्यासक्रम तयार केला. पकडापकडीसारख्या साध्या खेळातून एक मुद्दा घ्यायचा, हात धुण्याचा, शाळेत रोज जाण्याचा किंवा मुलींच्या शिक्षणाचा, आणि खेळ संपल्यावर त्यावर मुलांना बोलतं करायचं. शिकवणारे वस्तीतलेच तरुण. कफ परेडच्या आंबेडकर नगरात त्याच वस्तीत वाढलेल्या अशोक राठोड यांनी २००६ मध्ये ‘ऑस्कर फाउंडेशन’चं काम सुरू केलं. त्यांचा नियम एका ओळीचा: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. शाळा सोडून मासळीच्या कामाला लागणाऱ्या पोरांसाठी हा नियम कडक वाटेल. पण तो वस्तीतल्याच दादानं घातला होता, घरच्यांना ओळखणाऱ्या माणसानं. बाहेरच्या कुणी तोच नियम घातला असता तर पोरांनी दुसरं मैदान शोधलं असतं.

नागपूरचं कामही वाढत गेलं. बेघरांचा फुटबॉल विश्वचषक २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात पहिल्यांदा भरला होता आणि पुढे वेगवेगळ्या शहरांत भरू लागला. रस्त्यावरच्या छोट्या कोर्टावर चार-चार जणांचे संघ, झटपट सामने. स्लम सॉकरनं भारताचा संघ तिकडे न्यायला सुरुवात केली आणि ज्यांच्याकडे रेशनकार्ड नीट नव्हतं अशा पोरांच्या हातात पासपोर्ट आले. पासपोर्टसाठी जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, पोलीस पडताळणी. ज्या मुलाचं नाव आजवर कुठल्याच कागदावर धड आलेलं नाही त्याच्यासाठी ही कागदपत्रांची वारी म्हणजे नागरिकत्वाचा पहिला धडा.

या सगळ्यावर शंका घेणारेही आहेत आणि त्यांचं ऐकायला हवं. ब्रिटनमधले अभ्यासक फ्रेड कोल्टर यांनी या क्षेत्राला वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारला: खेळल्यामुळे मूल बदललं हे तुम्ही कशावरून म्हणता? त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. एकात खेळ मुख्य आणि बाकीचं त्याला जोडलेलं, दुसऱ्यात सामाजिक काम मुख्य आणि मुलांना गोळा करायला खेळ. दोन्हीकडची कामं वेगळी, म्हणून मोजायच्या गोष्टीही वेगळ्या. नुसत्या यशोगाथा सांगून भागणार नाही, कारण जी मुलं मध्येच सोडून गेली त्यांची गाथा कुणी लिहीत नाही. मला हा आक्षेप रास्त वाटतो. मैदानावर धाकदपटशा करणारा प्रशिक्षक असेल तर मूल त्याच मैदानावर धाकदपटशाही शिकतं.

मुलींचा प्रश्न तर आणखी अवघड. बारा-तेराव्या वर्षी मुली मैदानावरून दिसेनाशा होतात. घरात धाकट्या भावंडांना सांभाळायचं, पाणी भरायचं, मैदानाजवळ स्वच्छतागृह नाही, हाफ पँट घालू देत नाहीत, लोक काय म्हणतील. इथे मैदानाबाहेरचं काम जास्त असतं. ताई संध्याकाळी घरी जाऊन आईशी बोलते, सरावाची वेळ पाण्याच्या वेळेशी जुळवून घेते, लेगिंग्जवर खेळायला मोकळीक देते. जिथे प्रशिक्षकच मुलगी आहे तिथे मुली जास्त टिकतात, हे या क्षेत्रात काम करणारे आवर्जून सांगतात.

आता हा विषय शाळेच्या दारात आला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला खेळाचं मैदान आणि खेळाचं साहित्य असलं पाहिजे, असं २००९ पासून लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर शारीरिक शिक्षणाला अर्धवेळ शिक्षक हवा, असंही त्यात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर खेळातून शिकण्याची पद्धत सुचवली आणि सहकार्य, स्वयंशिस्त, जबाबदारी, नागरिकत्व ही उद्दिष्टं नावानिशी मांडली. प्रत्यक्षात परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जातो. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, पण ते स्पर्धांमध्ये पुढे गेलेल्यांना. वस्तीतल्या किंवा पाड्यावरच्या शाळेतलं जे मूल कधीच संघात निवडलं जाणार नाही, त्याच्यासाठी गुणतक्त्यात अजून रकाना नाही. तो रकाना आखायला मोठा निधी लागत नाही. आठवड्यातले दोन तास, चुन्यानं आखलेलं एक छोटं मैदान, आणि सामन्याआधी व नंतर मुलांबरोबर जमिनीवर बसून “आज काय ठरवायचं?” असं विचारणारा शिक्षक एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.