काचेची चीप आणि जरा जास्तच बरोबर उत्तर

ड्रॉइंग बोर्डावर कागद, कागदावर काचेची चीप आणि चिपेच्या पलीकडे तिरक्या रेषेवर टोचलेल्या दोन टाचण्या. आता अलीकडून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघा. काचेच्या वर डोकावणारी टाचण्यांची डोकी एका जागी दिसतात आणि काचेतून दिसणारे त्यांचे पाय भलत्याच जागी. जणू टाचणी मधोमध मोडून कुणी बाजूला सरकवली आहे. अपवर्तन, म्हणजे एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना प्रकाशाचं वळणं, म्हणजे काय, हे फळ्यावरच्या कुठल्याही आकृतीपेक्षा मला या मोडक्या टाचणीने नीट समजावलं.

त्या दोन पायांच्या ओळीत अलीकडे आणखी दोन टाचण्या टोचायच्या, चीप उचलायची आणि भोकं जोडायची, की काचेतला किरण कागदावर उमटतो. किरण काचेत शिरतो तिथे काचेच्या कडेवर काढलेला लंब म्हणजे स्तंभिका. हवेतला किरण तिच्याशी करतो तो आपाती कोन, काचेतला करतो तो अपवर्तित कोन. आपाती कोनाच्या साइनला (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) अपवर्तित कोनाच्या साइनने भागलं की अपवर्तनांक मिळतो, म्हणजे काचेत प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा. साध्या काचेसाठी तो १.५ च्या आसपास असतो. म्हणजे हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत २ लाखांवर येतो. चार टाचण्या आणि एका कोनमापकाच्या जोरावर हे कळतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण मुलांची प्रयोगाची जर्नलं तपासताना वाईट वाटतं. तक्त्यात ओळीने १.५, १.५, १.५. हे हातून होणं जवळजवळ अशक्य आहे. आपाती कोन १० अंश घेतला तर अपवर्तित कोन साधारण ६.६ अंश येतो, आणि तो मोजताना एका अंशाची चूक झाली तर उत्तर १.३० पासून १.७६ पर्यंत कुठेही जातं. ३० अंशांना तीच चूक १.४३ ते १.५८ एवढी भोवते, ६० अंशांना १.४६ ते १.५४. म्हणून कोन मोठे घ्यावेत. मुलं मात्र सोपे वाटतात म्हणून लहान कोन घेतात आणि मग आकडे जुळवत बसतात.

आकडे जुळवण्याची ही खोड फार जुनी आहे. अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने दुसऱ्या शतकात हवेतून पाण्यात जाणाऱ्या किरणाचे कोन मोजले. त्याच्या तक्त्यात १० अंशांना ८, २० ला १५.५, ३० ला २२.५, ४० ला २९ असे आकडे आहेत. दर पायरीला वाढ बरोबर अर्ध्या अंशाने कमी होते: ७.५, ७, ६.५. शेवटपर्यंत हीच शिस्त. ८० अंशांना त्याने ५० लिहिले आहेत, खरा कोन ४७.५ च्या जवळपास असतो. निसर्गात अशी शिस्त नाही, ती टॉलेमीच्या मनातल्या नियमाची आहे. मधले आकडे त्याने खरंच छान मोजले होते, पण टोकाला मोजमापापेक्षा नियमावर भरवसा ठेवला आणि साइनचा नियम (दोन कोनांच्या साइनचं गुणोत्तर कायम राहतं, हा) हातून निसटला. तो पुढे बगदादच्या इब्न सह्‌लला दहाव्या शतकात गवसला, १६२१ च्या सुमारास हॉलंडच्या स्नेलला, आणि छापून आला १६३७ मध्ये, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या हातून.

चुका कुठे शिरतात, ते एकदा टेबलापाशी उभं राहून बघण्यासारखं आहे. पेन्सिल बोथट असली की चिपेची बाह्यरेषा चिपेपेक्षा जाड होते. दोन टाचण्या अगदी जवळ टोचल्या की रेषेची दिशा डळमळते, त्यांच्यात निदान पाच सेंटिमीटर अंतर हवं. टाचणी तिरपी असेल तर डोक्यांची ओळ आणि पायांची ओळ वेगळी पडते, म्हणून नेहमी पाय बघायचे, एक डोळा मिटून.

कोनमापक टाळायचा असेल तर एक सुरेख वाट आहे. किरण काचेत शिरतो त्या बिंदूभोवती ५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. आपाती आणि अपवर्तित किरण वर्तुळाला जिथे छेदतात (गरज पडली तर किरण लांबवा), तिथून स्तंभिकेवर लंब टाका आणि त्यांच्या लांबीचं गुणोत्तर घ्या. त्रिज्या एकच असल्याने तेच साइनचं गुणोत्तर. स्नेलनेही नियम असाच लांबीच्या गुणोत्तरातून मांडला होता. समजा लंब ४३ आणि २९ मिलिमीटर भरले. उत्तर १.४८. दुसऱ्या मापात अर्ध्या मिलिमीटरची चूक धरली तर ते १.४६ ते १.५१ च्या दरम्यान कुठेतरी असेल. जर्नलमध्ये १.४८ लिहावं, आणि शेजारी ही मर्यादाही.