दवाखान्याच्या पाटीवरचं कोल्हापूर

दवाखाना म्हटलं की पाटीवर लाल क्रॉस, ही सवय इतकी मुरलेली आहे की ते चिन्ह डॉक्टरांचंच वाटतं. ते त्यांचं नाही. १८६४ च्या जिनिव्हा करारात रणांगणावरच्या जखमींच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी ते ठरलं, स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून. भारतात १९६० च्या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते लावता येत नाही. पंखवाल्या काठीला विळखा घातलेले दोन साप हे तर ग्रीकांच्या हर्मीसचं चिन्ह. हर्मीस हा व्यापाऱ्यांचा आणि वाटसरूंचा देव. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये ते घेतलं आणि पुढे ते औषधांच्या दुकानांपर्यंत पोचलं. वैद्यकाची मूळ खूण म्हणजे एस्क्लेपियस या ग्रीकांच्या वैद्यदेवाची काठी. तिला साप एकच, आणि पंख नाहीत.

उसनं चिन्ह कोल्हापूरच्या पाटीवर पाहिलं की जास्त वाईट वाटतं, कारण चिन्ह घडवणं हे या गावाचं घरचं काम. बाबूराव मेस्त्री नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले. १ जून १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथेच उभी राहिली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, पण तुतारी फुंकणारी तिची स्त्री आजही ओळखू येते. एक आकृती, एक कृती. त्याहून जास्त त्यात काही नाही, म्हणून ते चिन्ह टिकलं.

लाल क्रॉसनंतर आपल्याकडे पाट्यांवर देव आले. धन्वंतरी आले, अंबाबाईचा मुखवटा आला, देवळाचं शिखर आलं. श्रद्धेबद्दल वाद नाही. पण दवाखान्याचं चिन्ह फाइलवर छापतात, गोळ्यांच्या पाकिटावर छापतात, आणि ते पाकीट दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातं. तिथं देवीचा चेहरा असू नये, असं मला मनापासून वाटतं. शिवाय दारात येणारा पेशंट कुठल्याही धर्माचा असतो. डोळ्यांच्या दवाखान्याला अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव हवाच असेल, तर मूर्ती न काढता उंबऱ्यावरून आत सरकणारी उन्हाची तिरीप काढावी. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीला मावळतीचं ऊन देवीपर्यंत पोचतं, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

मला स्वतःला देवळापेक्षा पाणी आणि दगड जवळचे वाटतात. सी.पी.आर.ची, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचीच इमारत घ्या. पूर्वीचं हे आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल मेजर मँट यांच्या आराखड्यावर बांधलेलं. तिची दगडी कमान दवाखान्याचीच आहे, कुठून उसनी आणायला नको. आणि बंधारा! ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ हे नाव राज्यभर चालतं. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवले की पाणी अडतं, पावसाळ्यात बरगे काढले की पूर मोकळा वाहतो. काय धरायचं आणि काय सोडायचं, हेच मूत्रपिंडाचं काम. डायलिसिस सेंटरला याहून नेमकं चित्र मला सुचलेलं नाही.

पाटीचेही नियम आहेत. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे अवाजवी मोठी पाटी लावणं गैर, आणि तिच्यावर नाव, पदवी, विशेष विषय, नोंदणी क्रमांक एवढंच हवं. म्हणून चिन्हाचा संसार बहुतेक लेटरहेडवर आणि रबरी शिक्क्यावर. तिथंच त्याची परीक्षा होते. पन्हाळ्याची तटबंदी कागदावर देखणी दिसते, पण सेंटिमीटरभर शिक्क्यात तिचा शाईचा डाग होतो.

पंचगंगेच्या पाच रेघांचंही तसंच. शिक्क्यात त्या एकमेकींना चिकटतात. पण कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चारच नद्या डोळ्यांना दिसतात. सरस्वती गुप्त मानलेली. मग रेघा चारच काढाव्यात, दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, आणि मधली पाचवी कोऱ्या कागदाचीच सोडावी. शाई पसरायला तेवढीच जागा मिळते.