श्रावणात मासे सुटतात कसे?

ताटात हुमण, म्हणजे माशांची आमटी, नसेल तर ज्याचा चेहरा उतरतो, तोच गोव्यातल्या फोंड्याचा गृहस्थ श्रावण लागला की महिनाभर निमूटपणे शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवतो. संध्याकाळच्या चहाबरोबरची भजी मात्र डॉक्टरने सांगूनही त्याला सुटत नाहीत. सगळा खेळ मनोनिग्रहाचा असता, तर हे कोडे सुटले नसते.

श्रद्धेचा वाटा आहेच. पण श्रावणात आणखी एक गोष्ट घडते: घरात मासळी येत नाही, शेजारून तळणाचा वास येत नाही, पंगतीला सगळेच शिवराक. मासे आठवावेत असे काही आसपास उरतच नाही. भजीचे तसे नाही. चहाची वेळ, नेहमीचे दुकान, नेहमीची मंडळी जागच्या जागी असतात.

एकाच ठिकाणी, एकाच वेळी एखादी कृती वारंवार केली की मेंदू तिचा त्या परिस्थितीशी सांधा जुळवतो. मग परिस्थिती दिसताच हात आपोआप चालतो. मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठी पाहण्यासारखा आहे. त्यांनी चित्रपटगृहात काहींना ताजे, तर काहींना आठवडाभर शिळे पॉपकॉर्न दिले. तिथे पॉपकॉर्न खायची सवय असलेल्यांनी शिळेही ताज्याइतकेच संपवले, चव आवडली नाही तरी! सभेच्या खोलीत बसवल्यावर मात्र शिळ्याकडे त्यांचा हात फारसा वळला नाही. चित्रपटगृहातही नेहमीचा हात सोडून दुसऱ्या हाताने खायला लावले, तेव्हा शिळे कमी खाल्ले गेले.

जुनी सवय पुसली जात नाही, दबून राहते. म्हणून तर चवथ (गणेश चतुर्थी) आटोपली की हुमण पहिल्याच दिवशी परत येते, कुणाला सराव करावा लागत नाही.

नवी सवय रुजवायची तर तिला रोज हमखास येणारा इशारा हवा. गोव्यात तो सायकलवरून दारात येतो: पदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू. पाव घेतले की लगेच रक्तदाबाची गोळी, असे ठरवता येते. गजर बंद करून झोपता येते. पदेर आपल्यासाठी थांबत नाही.

यात सवय २१ दिवसांत लागते हा प्रचलित हिशेब विसरावा. लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी ९६ जणांना ८४ दिवस एकेक नवी कृती करायला लावली. सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ निघाला ६६ दिवस, आणि माणसागणिक फरक १८ ते २५४ दिवसांचा. (प्रयोग ८४ दिवसांचाच होता, तेव्हा यातला २५४ अर्थातच गणिताने काढलेला अंदाज.) पाणी पिण्यासारखे सोपे काम लवकर बसते, व्यायामाला वेळ लागतो. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसे बिघडत नाही, हेही त्यांना आढळले. तेव्हा पदेराने एखाद्या दिवशी दांडी मारली, तर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून मोजायला बसू नये.