ध्येय नेमके कुणाचे? कोचच्या प्रशिक्षणातील संस्कृतीचा प्रश्न

कंपन्यांतील अधिकाऱ्यांना मार्गदर्शन करणारे व्यावसायिक कोच घडवताना त्यांना अगदी सुरुवातीला एक प्रश्न शिकवला जातो : ‘तुम्हाला स्वतःला काय साधायचे आहे?’ ब्रिटनच्या जॉन व्हिटमोर यांच्या १९९२ मधील पुस्तकामुळे जगभर पोहोचलेली ‘ग्रो’ पद्धत इथूनच सुरू होते आणि ध्येय, सद्यःस्थिती, पर्याय व निर्धार अशा टप्प्यांनी पुढे जाते. कोचने सल्ला द्यायचा नाही, कारण माणूस स्वतः निवडलेल्या वाटेवर अधिक जोमाने चालतो, हे त्यामागचे गृहीतक आहे. ते खोटे नाही. पण ते सर्वांना सारखेच लागू पडते का, हे तपासायला हवे.

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सात ते नऊ वर्षांच्या अमेरिकी मुलांसमोर विस्कटलेल्या अक्षरांची शब्दकोडी ठेवली होती. काही मुलांनी कोड्यांचा विषय आणि मार्करचा रंग स्वतः निवडला, काहींसाठी तो संशोधकांनी निवडला, तर काहींना ‘ही निवड तुझ्या आईने केली आहे’ असे सांगण्यात आले. गोऱ्या अमेरिकी कुटुंबांतील मुले स्वतःच्या निवडीवर सर्वांत अधिक रमली. चिनी व जपानी वंशाच्या मुलांचा उत्साह मात्र आईच्या निवडीने सर्वाधिक वाढला. म्हणजे या मुलांना आईची निवड परकी वाटली नव्हती. हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्येच मांडले होते की, काही समाजांत ‘मी’ स्वतंत्र मानला जातो, तर काहींत तो नात्यांमधूनच घडतो.

आता प्रशिक्षणवर्गातला सराव पाहू. तिघांच्या गटात एक जण कोच होतो, दुसरा क्लायंट आणि तिसरा निरीक्षक. समजा, पुण्यातील अभियंता क्लायंट बढतीबद्दल म्हणतो, ‘आधी घरी विचारून बघतो.’ निरीक्षक लगेच वहीत नोंदवतो : जबाबदारी टाळतो. प्रशिक्षणाची खरी जागा ही नोंद आहे, कारण तीत क्लायंटपेक्षा निरीक्षकाची संस्कृतीच अधिक दिसते.

यावर अनेकदा उपाय केला जातो तो देशांच्या तक्त्यांचा. खेर्त हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ दरम्यान भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून देशोदेशींचे निर्देशांक काढले. वरिष्ठ-कनिष्ठ यांच्यातील अंतर किती मान्य केले जाते, या निकषावर भारताचा आकडा ७७ आहे, अमेरिकेचा ४०. हे आकडे देशांच्या तुलनेसाठी आहेत, समोर बसलेल्या व्यक्तीचे मोजमाप नव्हेत, हा इशारा खुद्द हॉफस्टेड यांनीही दिला होता. तरी तो सोयीस्करपणे विसरला जातो.

अशा अर्धवट ज्ञानाचा धोका मेलानी टर्व्हालोन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी १९९८ मध्ये डॉक्टरांच्या शिक्षणाविषयी लिहिताना दाखवून दिला. शस्त्रक्रियेनंतर एक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची, स्त्री कण्हत होती. तिला फार वेदना होत असाव्यात, असे डॉक्टरांनी म्हणताच परिचारिकेने ते उडवून लावले. तिच्यासारखे हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक वंशाचे) रुग्ण वेदना वाढवून दाखवतात, हे ती एका अभ्यासक्रमात शिकली होती! या लेखिकांनी म्हणून ‘सांस्कृतिक नम्रता’ सुचवली : आपल्याला सारे कळले असे न मानता स्वतःच्या समजुती आयुष्यभर तपासत राहणे आणि नात्यातील सत्तेचे भान ठेवणे.

कोचिंग क्षेत्रातील ‘इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन’ या संघटनेने २०१९ मध्ये सुधारलेल्या, कोचला लागणाऱ्या क्षमतांच्या यादीत क्लायंटची ओळख, परिस्थिती, अनुभव आणि मूल्ये यांचा स्पष्ट उल्लेख केला, हे चांगलेच झाले. पण या ओळखीला स्थानिक रूप असते. अमेरिकी पाठ्यक्रमात वंशावर भर असणे साहजिक आहे. महाराष्ट्रात आडनाव कळताच अनेकदा मनोमन जातीचा अंदाज बांधला जातो, आणि तो कोच जसा बांधतो तसाच क्लायंटही बांधतो. ‘बैठकीत मी बोलत नाही’ या तक्रारीवर केवळ आत्मविश्वासाचे व्यायाम देणाऱ्या कोचने, त्या बैठकीत यापूर्वी कुणाचे ऐकले गेले आणि कुणाला हसले गेले, हेही विचारायला हवे. सरावसत्रांची ध्वनिमुद्रणे तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी विचारलेल्या प्रश्नांबरोबरच असे न विचारलेले प्रश्नही नोंदवायला हवेत.