कंपनी कराचा दर व करटाळणी : निवडणूक प्रचारातील वाद

कंपन्यांच्या नफ्यावर किती टक्के कर असावा आणि ठरलेला कर त्या प्रत्यक्षात कितपत भरतात, या दोन प्रश्नांवर निवडणुकीच्या काळात पक्ष, उमेदवार, उद्योगसंघटना व वृत्तपत्रे यांच्यात झडणारा वाद. व्यासपीठावर हे दोन्ही प्रश्न एकच असल्यासारखे मांडले जातात. पहिल्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात एका आकड्यात सापडते. दुसऱ्याचे उत्तर ताळेबंदांत, तळटिपांत आणि अनेक देशांतल्या उपकंपन्यांच्या हिशेबांत विखुरलेले असते. दर कमी करू म्हणणारा पहिल्या आकड्याविषयी बोलत असतो आणि कंपन्या कर भरत नाहीत म्हणणारा दुसऱ्याविषयी, त्यामुळे दोघेही आपापल्या जागी खरे बोलत असूनही वाद मिटत नाही.

संज्ञा : कायद्याच्या चौकटीत राहून कर कमी करून घेणे म्हणजे करटाळणी, उत्पन्न दडवून वा खोटे हिशेब देऊन कर बुडवणे म्हणजे करचुकवेगिरी. पहिली गुन्हा नाही, दुसरी आहे. या दोहोंतले अंतर तुरुंगाच्या भिंतीच्या जाडीएवढे असते, हा शेरा ब्रिटनचे माजी अर्थमंत्री डेनिस हीली यांच्या नावावर सांगितला जातो. प्रचारसभेत ‘करबुडवे’ हा शब्द दोन्हींसाठी सर्रास वापरला जातो. त्याचा फायदा बहुधा आरोप झालेल्यालाच होतो, कारण ‘आम्ही कायदा मोडलेला नाही’ एवढे उत्तर त्याला पुरते.

या भेदाचा कायदेशीर उगम शोधताना बहुतेक अभ्यासक वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकच्या खटल्यापाशी येऊन थांबतात. त्याचे वर्ष काही ग्रंथांत १९३५, तर काहींत १९३६ दिलेले आढळते. ब्रिटिश उमराव सभेचा (तेव्हाचे तेथील सर्वोच्च न्यायालय) निकाल १९३५ चा असून तो ज्या निकालसंग्रहात छापला गेला तो १९३६ चा आहे. त्यामुळे १९३५ हेच वर्ष धरणे अधिक योग्य. ड्यूकने आपल्या नोकरांना, त्यात एका माळ्यालाही, पगाराऐवजी करारपत्राने वार्षिक रक्कम देऊ केली होती. पगार करपात्र उत्पन्नातून वजा होत नसे, करारपत्राची रक्कम होत असे. माळी पूर्वीसारखाच बागेत राबत होता, बदलला होता फक्त कागद. न्यायालयाने कागद मान्य केला आणि कमीत कमी कर लागेल अशी आपल्या व्यवहारांची मांडणी करण्याचा प्रत्येकाला हक्क आहे, हे तत्त्व घालून दिले. ब्रिटनमध्येच १९८१ च्या रॅम्झे खटल्यात त्याला मुरड घातली गेली : व्यवहाराच्या एकेका पायरीऐवजी संपूर्ण साखळी पाहावी, असे ठरले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मॅकडॉवेल प्रकरणात ड्यूकच्या तत्त्वाला जवळजवळ मूठमाती दिली, २००३ मध्ये आझादी बचाओ आंदोलन प्रकरणात ते पुन्हा जिवंत असल्याचे सांगितले आणि २०१२ च्या व्होडाफोन निकालात दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. तेव्हा ‘कायदेशीर’ याचा अर्थच काळानुसार सरकत आलेला आहे. प्रचारातल्या भाषणांत हा पदर सहसा येत नाही.

प्रचारात प्रवेश : कंपनी कर मतदारांपुढचा विषय केव्हा झाला याबद्दल एकमत नाही. अमेरिकेत १९०९ साली ५,००० डॉलरांवरील नफ्यावर १ टक्का कर बसला. तो व्यक्तींवरील प्राप्तिकर टाळण्यासाठी केलेली तडजोड होती. काही लेखक येथपासून सुरुवात धरतात. मात्र दर आणि टाळणी हे दोन्ही धागे एकत्र गुंफलेले दिसतात ते १९३६ च्या सुमारास. त्या वर्षी रूझवेल्ट सरकारने कंपन्यांनी न वाटलेल्या नफ्यावर कर बसवला आणि प्रतिस्पर्धी उमेदवार लँडन यांनी प्रचारात त्यावर हल्ला चढवला. पुढच्याच वर्षी करटाळणीच्या चौकशीसाठी अमेरिकी संसदेची संयुक्त समिती नेमली गेली. १९०९ पेक्षा १९३६ ही तारीख अधिक सयुक्तिक वाटते.

लोकांच्या तोंडी बसलेली प्रतिमा मात्र नंतरची आहे. उद्योगपतीचे ‘तीन मार्टिनीचे जेवण’ (मार्टिनी हे एक मद्य) खर्च म्हणून करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि कामगाराच्या डब्यातले सँडविच होत नाही, ही तुलना सहसा जिमी कार्टर यांच्या १९७६ च्या प्रचाराशी जोडली जाते. वास्तविक जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी ती १९७२ मध्येच वापरली होती. ते हरले, कार्टर जिंकले; श्रेय विजेत्याच्या खाती जमा झाले. जेवणखर्चाची ही वजावट पुढे १९८६ च्या सुधारणेत ८० टक्क्यांवर आणि १९९३ मध्ये ५० टक्क्यांवर आणली गेली.

वैधानिक दर व प्रभावी दर : वादाचा खरा गाभा येथे आहे. कायद्यात लिहिलेला तो वैधानिक दर. भरलेल्या कराला नफ्याने भागून येतो तो प्रभावी दर. भागाकार साधा दिसतो, पण भाज्य आणि भाजक या दोन्हींविषयी मतभेद आहेत.

समजा, एका कंपनीचा नफा १०० आहे आणि देशातला दर ३० टक्के. तिने आपले बोधचिन्ह ५ टक्के दराच्या देशातल्या स्वतःच्याच उपकंपनीच्या नावे केले आणि ते वापरण्याबद्दल तिला दरसाल ६० स्वामित्वशुल्क दिले. आता देशात नफा उरला ४०, त्यावर कर १२. बाहेर ६० वर कर ३. एकूण १५. कारखाना, कामगार, गिऱ्हाईक यांपैकी कशानेही जागा सोडलेली नाही. कंपनी सांगते, ‘आमच्या ४० नफ्यावर आम्ही पूर्ण ३० टक्के भरतो.’ विरोधी उमेदवार सांगतो, ‘१०० नफ्यावर या देशाला १२ मिळाले.’ दोघांचेही गणित बरोबर आहे. अशा अंतर्गत व्यवहारांची किंमत बाजारात दोन परक्या कंपन्यांमध्ये ठरेल तेवढीच असावी, असा हस्तांतरण किमतीचा नियम आहे. परंतु एका विशिष्ट बोधचिन्हाची बाजारातली किंमत सांगणार कोण? तसे दुसरे बोधचिन्ह विकायलाच आलेले नसते.

दुसरी अडचण नफ्याच्याच व्याख्येची. भागधारकांना दाखवायचा नफा आणि करखात्याला दाखवायचा नफा वेगवेगळ्या नियमांनी निघतो. यंत्रांचा घसारा (झिजेपोटी धरायचा खर्च) कराच्या हिशेबात लवकर वजा करू दिला, तर पहिल्या वर्षांत कर नगण्य दिसतो आणि पुढे वाढतो. मागील वर्षांचा तोटा पुढे ओढता येतो. म्हणून ‘अमुक कंपनीने यंदा शून्य कर भरला’ हे विधान खरे असूनही दिशाभूल करणारे ठरू शकते. मात्र तेच विधान सलग काही वर्षे खरे ठरू लागले की घसाऱ्याची सबब लंगडी पडते. अमेरिकेत १९८४ च्या निवडणुकीआधी प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत २५० बड्या कंपन्यांपैकी १२८ कंपन्यांनी १९८१ ते १९८३ या काळात निदान एका वर्षी संघीय प्राप्तिकर भरला नव्हता, असे आढळले. दोन वर्षांनी झालेल्या सुधारणेत दर ४६ वरून ३४ टक्क्यांवर आला आणि बऱ्याच पळवाटा बुजवल्या गेल्या. दर आणि पळवाटा एकाच तागडीत घातल्याचे हे उदाहरण दुर्मिळ आहे.

त्याच देशाच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने २०१३ मध्ये हिशेब मांडला, तेव्हा वैधानिक दर ३५ टक्के होता. नफ्यात असलेल्या मोठ्या कंपन्यांचा २०१० सालचा प्रभावी दर संघीय करापुरता १२.६ टक्के निघाला. राज्यांचे व परदेशांतले कर मिळवले की १६.९. भाज्यात कोणते कर घ्यायचे यावर आकडा असा हलतो. या अहवालातला कोणता आकडा वक्ता उचलतो यावरून त्याचा पक्ष ओळखावा, इतके ते ठरून गेले आहे.

भार कोणावर : कर कंपनी भरते, पण अखेर तो भागधारकांच्या, कामगारांच्या की गिऱ्हाइकांच्या खिशातून जातो, हा जुना प्रश्न आहे. अर्थशास्त्रज्ञ हार्बर्गर यांनी १९६२ मध्ये बंदिस्त अर्थव्यवस्था गृहीत धरून जवळजवळ सगळा भार भांडवलावर पडतो असे दाखवले. भांडवल सीमा ओलांडू लागल्यावर हे गृहीतक ढासळले. जर्मन नगरपालिकांच्या दरबदलांवरून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सुमारे निम्मा भार कामगारांच्या वेतनावर पडतो असा निष्कर्ष काढला. अमेरिकी संसदेचे अंदाजपत्रक कार्यालय मात्र पाऊण भार भांडवलावर व पाव भार श्रमावर धरते. या कार्यालयाचा अंदाज सावध असून मोठ्या देशांना तो अधिक लागू पडावा. दरकपातीने सरासरी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला किमान ४,००० डॉलरांनी वाढेल, असे अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाने २०१७ मध्ये सांगितले होते. दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आला. नंतरच्या एका प्रमुख आढाव्यात वेतनवाढ दर कामगारामागे ७५० डॉलरांच्या आसपास निघाली.

आश्वासन आणि अंमल : ऑस्ट्रेलियात २०१६ च्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीने दर ३० वरून २५ टक्क्यांवर दहा वर्षांत नेण्याची योजना मांडली. मजूर पक्षाने ती बँकांना दिलेली भेट ठरवली. आघाडी १५० पैकी ७६ जागांवर कशीबशी टिकली. लहान कंपन्यांपुरती कपात मंजूर झाली, मोठ्यांची २०१८ च्या ऑगस्टमध्ये वरिष्ठ सभागृहात पडली आणि त्याच आठवड्यात पंतप्रधान टर्नबुल यांचे पद गेले. ब्रिटनमध्ये २०१९ च्या प्रचारात बोरिस जॉन्सन यांनी दर १९ वरून १७ करण्याची आधीच ठरलेली कपात थांबवली आणि तीही उद्योजकांच्याच परिषदेत जाहीर केली. मजूर पक्ष तेव्हा २६ टक्के मागत होता. लिझ ट्रस यांनी २०२२ मध्ये पक्षनेतेपदाच्या लढतीत १९ वरून २५ टक्क्यांपर्यंतची नियोजित वाढ रद्द करण्याचे वचन दिले. सत्तेवर आल्यावर १४ ऑक्टोबर रोजी त्यांना ते मागे घ्यावे लागले.

भारतात हा वाद वेगळ्या क्रमाने आला. हिशेबात नफा दाखवून कर न भरणाऱ्या ‘शून्य-कर कंपन्यां’विरुद्ध किमान कराची पहिली तरतूद १९८७ ची. अलीकडची मोठी कपात, म्हणजे सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी २२ टक्के व नव्या उत्पादक कंपन्यांसाठी १५ टक्के, ही २० सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकुमाने आली. लोकसभेचा निकाल लागून तेव्हा चार महिने झाले होते. महसुलात १.४५ लाख कोटी रुपयांची घट सरकारनेच अंदाजली होती. त्यावरील टीका पुढच्या निवडणुकांकरिता राखीव राहिली.

करआश्रयस्थाने (नफा नेऊन ठेवण्यासाठी वापरले जाणारे कमी कराचे प्रदेश) : केमन बेटांवरील अग्लंड हाउस या एका इमारतीत १२,००० अमेरिकी कंपन्या असल्याचे बराक ओबामा यांनी २००८ च्या प्रचारात सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने मोजणी केली. तेथे १८,८५७ संस्थांचा पत्ता नोंदलेला होता, परंतु पूर्णतः अमेरिकी मालकीच्या होत्या अवघ्या ५ टक्के. निम्म्याच्या आसपास संस्थांची बिले अमेरिकेतल्या पत्त्यावर जात. म्हणजे संख्या कमी सांगितली गेली होती आणि राष्ट्रीयत्व जास्त. इमारतीत प्रत्यक्ष बसत होती ती एक वकील-संस्था.

नफा हलवण्याने जगाच्या कंपनी कर महसुलापैकी ४ ते १० टक्के, वर्षाला १०० ते २४० अब्ज डॉलर बुडतात, असा आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा २०१५ चा अंदाज आहे. पल्ला रुंद असल्याने प्रत्येक पक्षाला हवे ते टोक मिळते. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १३६ देशांनी ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी १५ टक्के किमान प्रभावी दर मान्य केला. या करारात दर ‘प्रभावी’ असावा एवढे ठरले, तरी भाजक कोणता याची व्याख्या करण्यातच नियमांची शेकडो पाने गेली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या नव्या प्रशासनाने हा करार आपल्याला लागू नसल्याचे जाहीर केले.